बेडपॅन देताना: अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर गेली काही वर्षे मी गोव्यातील फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांतील घरांत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना शुश्रूषेची कामे शिकवीत आहे. इस्पितळातून घरी सोडताना औषधांची चिठ्ठी मिळते, पुढच्या तपासणीची तारीख मिळते. बेडपॅन (अंथरुणातच शौच-लघवी करण्याचे भांडे) कसा द्यायचा हे मात्र बहुधा कोणी दाखवीत नाही आणि पहिल्याच रात्री फोन येतो. असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. वेळ कमी असेल त्यांनी निदान प्रश्न ४, ६ आणि १६ वाचावेत.

१. आमच्या आजी आधार दिला तर बसू शकतात. त्यांना बेडपॅनच द्यावा का?

देऊ नये. जी व्यक्ती आधाराने खाटेच्या कडेला बसू शकते आणि जिला डॉक्टरांनी पायावर भार देण्यास मनाई केलेली नाही, तिच्यासाठी खाटेला लावून ठेवलेली कमोडची खुर्ची अधिक चांगली. बसल्यावर पोटाचा दाब खाली येतो आणि शौचाला जोर कमी लागतो. आडवे पडून पॅनवर होण्यास श्रम अधिक पडतात, म्हणून हृदयरोगाच्या रुग्णांनाही पुष्कळदा खुर्चीच सुचवली जाते. जो बसूच शकत नाही, ज्याला उठण्याची मनाई आहे, किंवा रात्री ज्याला उठवण्यासाठी घरात दुसरे माणूस नाही, त्याच्यासाठी पॅन ठेवावा.

२. दुकानात एक खोलगट आणि एक चपटा असे दोन पॅन दाखवले. कोणता घ्यावा? स्टीलचा की प्लॅस्टिकचा?

खोलगट, रुंद काठाचा पॅन कंबर उचलू शकणाऱ्या किंवा सहज कुशीवर वळणाऱ्या रुग्णासाठी असतो. चपटा पॅन एका बाजूने जवळजवळ सपाट असून दुसऱ्या बाजूला उंच होत जातो. त्याला फ्रॅक्चर पॅन किंवा स्लिपर पॅन म्हणतात. खुब्याचे हाड मोडलेले, मणक्याला इजा झालेली किंवा अतिशय कृश झालेली माणसे यांना तोच सोसतो, कारण त्यासाठी कंबर फारशी उचलावी लागत नाही. मात्र त्यात कमी मावते, हे लक्षात ठेवून तो लगेच काढावा लागतो.

स्टीलचा पॅन वर्षानुवर्षे टिकतो आणि उकळत्या पाण्याने धुता येतो, पण अंगाला गार लागतो. प्लॅस्टिकचा हलका असतो. त्याला चरे पडले की त्यात घाण बसते आणि काठाला बारीक तडा गेला तर तो कातडीला चिमटा काढतो. तडा गेलेला पॅन चिकटपट्टी लावून वापरू नये. झाकण असलेलाच घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडच्या जुन्या घरांत संडास अंगणापलीकडे असतो, आणि आषाढाच्या पावसात एका हातात छत्री व दुसऱ्या हातात उघडा पॅन घेऊन तिथवर जाण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये.

३. पॅन देण्याआधी काय काय तयार ठेवावे?

एकदा रुग्ण पॅनवर गेला की खोलीबाहेर धाव घ्यावी लागू नये, एवढी तयारी असावी. हातमोजे, कोमट पाण्याचा तांब्या, मऊ सुती फडकी किंवा ओले वाइप्स, कोरडा पंचा, अंगावर घालायची चादर, कचऱ्याची पिशवी आणि खाली अंथरायला मेणकापड किंवा शोषून घेणारी पट्टी हाताशी ठेवावी. मेणकापड कधीही उघडे ठेवू नये; त्यावर आडवी सुती चादर घालावी, नाहीतर पाठीला घाम साचतो. पॅनच्या तळाशी थोडे पाणी किंवा कागदाचा तुकडा टाकला तर मळ चिकटत नाही; मात्र तपासणीसाठी नमुना द्यायचा असेल तर असे करू नये (प्रश्न १९ पाहा). काठ कोरडा असावा, कारण ओल्या काठाला कातडी चिकटते आणि पॅन ओढताना सोलते. स्टीलचा पॅन असेल तर त्यात आधी कोमट पाणी फिरवून तो पुसून घ्यावा.

४. रुग्णाला पॅनवर नेमके कसे घ्यायचे? मी घरात एकटीच असते.

सर्वप्रथम सांगावे. "आई, आता पॅन ठेवते हं, मी तीन म्हटले की कंबर वर घ्या," एवढे म्हटले तरी रुग्ण अंग आखडून घेत नाही, आणि निम्मे काम तिथेच होते. दार लोटावे, अंगावर चादर घालावी आणि कपडे चादरीखालीच सोडवावेत.

कंबर उचलता येत असेल तर डोक्याकडची बाजू खाली करावी, दोन्ही गुडघे वाकवून तळपाय गादीवर घट्ट टेकवावेत, एक हात कमरेखाली द्यावा आणि तिसऱ्या आकड्याला रुग्ण कंबर उचलत असतानाच दुसऱ्या हाताने पॅन सरकवावा. पॅन ओढत किंवा ढकलत नेऊ नये. कंबर पुरेशी वर आली नसेल तर थांबून पुन्हा मोजावे.

कंबर उचलता येत नसेल तर कुशीचा मार्ग घ्यावा. पलीकडच्या बाजूला कठडा, भिंत किंवा दुसरे माणूस आहे याची खात्री करावी, आणि मगच रुग्णाला आपल्यापासून दूर तोंड करून कुशीवर वळवावे. पॅन उभा धरून नितंबांना नीट लावावा, एका तळहाताने तो गादीत खाली आणि अंगाकडे दाबून धरावा आणि दुसऱ्या हाताने कमरेला धरून रुग्णाला पाठीवर आणावे. पाठीवर आल्यावर दोन्ही पायांमध्ये पाहून पॅन मध्यावर बसला आहे की नाही ते तपासावे. जे सांडते ते बहुतेक येथेच, न तपासल्यामुळे सांडते.

पॅन बसल्यावर डोक्याकडची बाजू सोसेल तितकी, साधारण ३० ते ६० अंश, वर करावी. साध्या लाकडी खाटेवर हे जमत नाही अशी तक्रार असते. त्यावर वॉर्डातला जुना उपाय म्हणजे प्लॅस्टिकची खुर्ची पालथी करून तिची पाठ उतरत्या बाजूने गादीवर टेकवायची, ती कशाने तरी अडवायची आणि वर दोन उशा लावायच्या. खुर्ची सरकत नाही हे आधी स्वतःच्या हाताने रेटून पाहावे.

काढताना क्रम उलटा असतो. आधी डोके खाली, मग गुडघे वाकवणे किंवा कुशीवर वळवणे, आणि त्या सगळ्या वेळात एका हाताने पॅन गादीवर सपाट दाबून धरणे. पॅन बाजूच्या स्टुलावर कागद घालून ठेवावा, झाकावा. जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर ठेवू नये.

५. पॅनची कोणती बाजू कुठे येते? दर वेळी गोंधळ होतो.

खोलगट पॅनचा रुंद, वळलेला काठ पाठीकडे येतो आणि अरुंद, उघडी बाजू पायांकडे. चपट्या पॅनची पातळ कड कमरेखाली जाते आणि उंच, दांडी असलेली बाजू पायांकडे राहते. संडासाच्या सीटवर माणूस बसतो तसा तो पॅनवर बसला पाहिजे, एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की चूक होत नाही.

६. पॅनवर किती वेळ ठेवले तर चालते?

दहा मिनिटे, फार तर पंधरा. पॅनचा काठ माकडहाड आणि नितंबांच्या हाडांवर दाबतो, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोरची (दाबामुळे पडणाऱ्या जखमेची) सुरुवात तेथून होते.

यात माझीच चूक सांगण्यासारखी आहे. माझी आई अंथरुणावर असताना एका सकाळी तिला पॅनवर ठेवले आणि बाहेर पोदेराचा भोंपू वाजला म्हणून पाव घ्यायला गेले; शेजारीण भेटली आणि बोलण्यात पंचवीस मिनिटे गेली. आईने हाक मारली नाही, कारण मी कामात असेन असे तिला वाटले. पॅन काढला तेव्हा पाठीवर काठाचा लाल वर्तुळाकार ठसा होता, आणि माकडहाडावरची लाली संध्याकाळपर्यंत गेली नाही. तेव्हापासून मी रुग्णाच्या हाताशी घंटी ठेवायला सांगते. देवघरातली पितळी घंटी उत्तम. संकोचामुळे खोलीबाहेर जावे, पण हाकेच्या टप्प्यातच थांबावे. ज्याला भोवळ येते किंवा ज्याचे भान स्थिर नाही, त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. दहा मिनिटांत झाले नाही तर पॅन काढावा आणि तासाभराने पुन्हा द्यावा.

७. बाबांना पॅनवर होतच नाही. पॅन काढला की लगेच अंथरुणात होते. ते मुद्दाम करतात का?

मुद्दाम कोणी करीत नाही. आयुष्यभर उकिडवे किंवा कमोडवर बसलेल्या माणसाला आडवे पडून शौच करायला शरीर परवानगी देत नाही. पॅन काढल्यावर स्नायू सैल पडतात आणि मग होते. यावर तीन गोष्टींचा उपयोग होतो. पहिली बसण्याची पद्धत: डोके वर, गुडघे वाकलेले, पायांखाली टेकू. दुसरी वेळ: खाल्ल्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर किंवा दहा-अकराच्या पेजेनंतर वीस-तीस मिनिटांनी पॅन द्यावा आणि रोज तीच वेळ पाळावी. तिसरी आडोसा. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेले असताना मधल्या खोलीत खाट असलेल्या एका गृहस्थांना पाच दिवस शौच झाले नव्हते. दोरीवर जुने लुगडे टाकून आडोसा केला आणि रेडिओ लावला, तेव्हा सहाव्या दिवशी सकाळी झाले. नळाचा आवाज किंवा हातावर सोडलेले कोमट पाणी लघवी सुरू होण्यास मदत करते.

८. लघवीसाठीही तोच पॅन वापरायचा का?

स्त्रियांसाठी पॅन चालतो, आणि फक्त लघवीसाठी चपटा पॅन अधिक सोयीचा पडतो. पुरुषांसाठी लांब मानेचे लघवीचे भांडे वेगळे ठेवावे. शौचाच्या वेळी पुरुषाला पॅनबरोबर हे भांडेही द्यावे, कारण लघवी पॅनच्या पुढच्या काठावरून बाहेर जाते आणि गादी भिजते. सोय म्हणून ते भांडे तासन्‌तास मांड्यांमध्ये ठेवून देण्याची सवय अनेक घरांत दिसते. ती मोडावी, त्याच्या तोंडाच्या कडेने कातडी सोलवटते. दोन्ही भांड्यांवर रंगीत खूण करावी आणि घरात दोन रुग्ण असतील तर कोणाचेही भांडे दुसऱ्याला देऊ नये.

९. नंतर पुसायचे कसे? आईला सारखा लघवीचा संसर्ग होतो.

स्त्रियांच्या बाबतीत दिशा महत्त्वाची असते: नेहमी पुढून मागे, म्हणजे लघवीच्या जागेकडून गुदद्वाराकडे पुसावे, आणि प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्यावी. मागून पुढे आलेला एकच हात आतड्यातले जंतू मूत्रमार्गाशी आणून सोडतो. पुरुषांमध्ये पुढची त्वचा मागे घेऊन स्वच्छ केल्यास ती पुन्हा पुढे आणून ठेवावी. विसरल्यास सूज येऊन ती अडकते. कुशीवर वळवूनच मागची बाजू पुसावी, कारण पाठीवर असताना घड्यांमधली घाण दिसत नाही. कोमट पाणी पुरेसे असते. साबण वापरलाच तर सौम्य वापरावा आणि पूर्ण धुऊन काढावा. नंतर घासू नये, टिपून कोरडे करावे. आतल्या भागात डेटॉल किंवा तत्सम जंतुनाशक कधीही वापरू नये.

रुग्णाचेही हात धुवावेत. हे सगळेच विसरतात, आणि पाच मिनिटांनी त्याच हाताने ती व्यक्ती पाव खाते.

१०. पॅन कुठे रिकामा करावा आणि कसा धुवावा?

रिकामा करण्याआधी आत पाहावे. रंग, प्रमाण, रक्त हे सगळे त्यातच कळते (प्रश्न २३). मग संडासात ओतून झाकण लावून फ्लश करावे. मोरीत, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा नारळाच्या आळ्यात ओतू नये, आणि विहिरीच्या कठड्याजवळ तर धुवूच नये. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र असतो. वर सांडलेले पाणी तो लवकर खाली नेतो.

आधी गार पाण्याने खळबळावे, कारण गरम पाण्याने मळ घट्ट बसतो. नंतर साबण व त्याच कामासाठी ठेवलेल्या ब्रशने घासावे. रोज एकदा, आणि जुलाब असतील तर प्रत्येक वेळी, ब्लीचने निर्जंतुक करावे. बाजारातले ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण असेल तर १ भाग ब्लीचमध्ये ९ भाग पाणी मिसळावे, पॅन त्यात दहा मिनिटे ठेवावा, स्वच्छ धुवावा आणि उन्हात वाळवावा. स्टील त्यात जास्त वेळ राहिले तर त्यावर बारीक खड्डे पडतात. द्रावण रोज ताजे करावे. संडास धुण्याचे आम्ल ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लघवी असलेल्या पॅनमध्येही सरळ ब्लीच ओतू नये.

शेवटी हातमोजे काढून साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. हातमोजे घातले म्हणून हात धुण्याची गरज संपत नाही. जुलाबाच्या रुग्णानंतर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. काही जंतूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत.

११. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत आणि कातडी सतत ओलसर राहते. काय करावे?

जून ते सप्टेंबर हा गोव्यात अंथरुणावरच्या रुग्णाचा सर्वांत कठीण काळ असतो. मोठी चादर वारंवार बदलण्याऐवजी कमरेखाली जुन्या सुती लुगड्याची आडवी घडी घालावी आणि तेवढीच बदलावी. अशा सहा-सात घड्या पुरतात. अर्धवट वाळलेले कापड इस्त्री फिरवून कोरडे करावे. जांघेत व नितंबांच्या खाचेत पावडर भरू नये, घामात तिचे गोळे होऊन कातडी घासते. पंचाने टिपून पाच मिनिटे पंख्याचा वारा लागू द्यावा. कडेला लाल, खाजरे चट्टे दिसले तर ते बुरशीचे असू शकतात, डॉक्टरांना दाखवावेत. वीज गेल्यावर अंधारात पॅन काढू नये, बॅटरी उशाशी असावी.

१२. सरळ डायपर लावला तर पॅनची कटकटच नको, नाही का?

ज्याला लघवी-शौचाची जाणीवच नाही त्याला डायपर लागतो, आणि दूरच्या प्रवासातही तो उपयोगी पडतो. पण ज्याला जाणीव आहे आणि जो मागतो, त्याला "त्यातच करा" असे सांगणे म्हणजे उरलेले नियंत्रण आपल्या हाताने काढून घेणे होय. काही आठवड्यांत तो मागायचे सोडतो. शिवाय ओल्या डायपरमध्ये कातडी फुगते आणि फाटते. दिवसा पॅन व रात्री डायपर ही तडजोड पुष्कळ घरांत चालते. वापरलेला डायपर संडासात टाकू नये. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे तो कागदात नीट गुंडाळून वेगळा द्यावा लागतो.

१३. माकडहाडाजवळ लाली आली आहे. स्पिरिट किंवा फेणी चोळावी का?

चोळू नये. स्पिरिट असो वा फेणी, तिने कातडी कोरडी पडून तडकते. आणि हाडावरच्या लाल जागेवर मालीश केल्याने आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी फाटतात. सर्दीत कोणी फेणी छातीला चोळत असेल तर त्यात मी पडत नाही, पाठीला मात्र नको. लालीवर बोट दाबून सोडावे: जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तपुरवठा चालू आहे, लाल ती लालच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा आसपासपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावे. त्या जागेवर भार येऊ देऊ नये, दर दोन तासांनी कूस बदलावी, पॅन कुशीच्या पद्धतीनेच द्यावा आणि झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. हवेची गोल रिंग वापरू नये, तिच्या कडेचाच दाब बसतो. कातडी फुटली असेल तर कोकमतेलासारखे घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

१४. खुब्याचे ऑपरेशन झाले आहे. पॅन देताना सांधा निखळेल अशी भीती वाटते.

भीती निराधार नाही, विशेषतः सांधा बदललेला असेल तर. चपटाच पॅन घ्यावा आणि तो चांगल्या पायाच्या बाजूने सरकवावा. रुग्णाने चांगला पाय वाकवून कंबर उचलावी, ऑपरेशनचा पाय सरळ राहावा. सर्जनने वेगळे सांगितले नसेल तर तीन गोष्टी टाळाव्यात: खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवणे, पायावर पाय येणे आणि ऑपरेशनचा पाय आत वळणे. कुशीवर वळवण्याची परवानगी असेल तर गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवून दोघांनी मिळून वळवावे.

१५. अर्धांगवायू झालेल्या किंवा मणक्याला इजा झालेल्या रुग्णाला कसे वळवावे?

अर्धांगवायूत लुळा हात धरून कधीही ओढू नये. खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन्‌महिने जात नाही. लुळा हात पोटावर ठेवून मगच वळवावे आणि तो अंगाखाली चेंगरू देऊ नये. कंबर उचलताना लुळा तळपाय आपण हाताने गादीवर दाबून धरला तर रुग्ण चांगल्या पायाच्या जोरावर बरीच कंबर उचलतो.

मणक्याच्या इजेत खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसे वळले पाहिजेत. त्यासाठी तीन माणसे लागतात; मानेला इजा असेल तर डोके धरायला चौथे हवे. हे काम एकट्याने करू नये आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय डोक्याकडची बाजू उचलू नये. इजा मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्याला असेल आणि रुग्णाला अचानक तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर घाम व लाली असे होऊ लागले तर ते भरलेल्या मूत्राशयामुळे किंवा तुंबलेल्या शौचामुळे वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. लघवीची नळी पिळली आहे का ते पाहावे आणि लगेच १०८ ला फोन करावा.

१६. आई दिवसभर पाणीच पीत नाही. विचारले तर "तहान नाही" म्हणते.

बहुतेक वेळा तिला तहान असते. सुनेला पुन्हा पॅन मागावा लागेल म्हणून ती पीत नाही. अंथरुणावरच्या रुग्णाची अर्धी दुखणी मला येथून सुरू होताना दिसली आहेत: पाणी कमी, म्हणून लघवी गडद आणि जळजळ, मग संसर्ग; पाणी कमी, म्हणून मळ कडक, मग जोर; आणि वय झालेल्या माणसाला लघवीच्या संसर्गात ताप येण्याआधी भ्रम होतो, आणि घरचे म्हणतात की आईच्या डोक्यावर परिणाम झाला.

म्हणून तिने मागण्याची वाट पाहू नये. उठल्यावर, नाश्त्यानंतर, दुपारी, चहानंतर आणि झोपण्यापूर्वी आपणच पॅन घेऊन जावे आणि "हवा का?" असे न विचारता "आणला आहे" असे म्हणावे. या एका वाक्याने पाणी पिणे वाढलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा नसेल तर पेज, ताक, सोलकढी, शहाळे धरून दिवसाला साधारण दीड लिटर द्रव जावा आणि त्यातला बराचसा संध्याकाळी सहाच्या आत. नाकाने उसासा सोडणे, पॅन आदळणे, "आत्ताच तर झाली होती" असे म्हणणे हे सगळे तिच्या कानावर पडते, आणि पुढचा पेला ती बाजूला सारते.

१७. लघवीची नळी घातलेली आहे. पॅन देताना काय सांभाळावे?

पिशवी सतत मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर राहावी. वळवताना ती उचलून अंगावर ठेवली तर जुनी लघवी उलटी आत जाते. नळी पॅनच्या काठाखाली चेंगरू नये, ताणली जाऊ नये आणि पिशवी जमिनीला टेकू नये. पुसताना नळी शरीराजवळ धरून बाहेरच्या दिशेने पुसावी.

१८. पाच दिवस शौच नाही, पण आता थोडे थोडे पातळ गळते आहे. जुलाबाचे औषध देऊ का?

जुलाब थांबवणारे औषध देऊ नये. कडक मळाचा गोळा अडकून त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि औषधाने अडथळा आणखी पक्का होतो. बोटाने मळ काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. त्यात जखम होते आणि हृदयाचे ठोकेही मंदावू शकतात. डॉक्टरांना किंवा प्रशिक्षित परिचारिकेला बोलवावे. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला इसबगोलही देऊ नये, ते आतच घट्ट बसते.

१९. तपासणीसाठी नमुना पॅनमधून घेतला तर चालतो का?

शौचाचा चालतो, पण पॅन स्वच्छ आणि कोरडा असावा, त्यात ब्लीचचा अंश, पाणी किंवा लघवी नसावी. म्हणून आधी लघवीसाठी भांडे द्यावे, नंतर पॅन. नमुना चमच्याने डबीत घेऊन शक्यतो एक-दोन तासांत प्रयोगशाळेत द्यावा. लघवीच्या जंतुतपासणीसाठी पॅनमधली लघवी चालत नाही. जागा धुऊन मधल्या धारेची लघवी सरळ निर्जंतुक डबीत घ्यावी लागते.

२०. घरात मी एकटा मुलगा आहे. आईला पॅन द्यायला मला संकोच वाटतो आणि तिला माझ्यापेक्षा जास्त.

हा प्रश्न पुरुष फोनवर फार हळू आवाजात विचारतात. शक्य असेल तर शौचाच्या वेळेला शेजारच्या मावशी किंवा पगारी बाई ठेवावी; शक्य नसेल तर चादर अंगावरून न काढता काम करता येते. पॅन ठेवताना तिच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे आणि जे तिला स्वतः पुसता येते ते तिलाच पुसू द्यावे. पहिला आठवडा अवघड जातो.

२१. रुग्ण वजनदार आहे आणि माझी कंबर धरली आहे.

उचलू नये, वळवावे. पाय फाकवून, गुडघे वाकवून, खाटेला चिकटून उभे राहावे. खाट बुटकी असेल तर एक गुडघा गादीवर टेकवावा. कमरेखालची आडवी चादर दोन्ही हातांनी गोळा करून ती आपल्याकडे ओढली की रुग्ण तिच्याबरोबर वळतो. पॅनवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाहूनच घ्यावा.

२२. केमोथेरपी चालू असताना काही वेगळे करावे लागते का?

प्रत्येक डोसनंतर निदान ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषधाचा अंश असतो. काही औषधांचा त्याहून जास्त काळ राहतो, तो डॉक्टरांना विचारावा. त्या काळात हातमोजे अनिवार्य समजावेत, झाकण लावून दोनदा फ्लश करावे, भिजलेली चादर वेगळी धुवावी आणि गरोदर स्त्रीने हे काम करू नये.

२३. पॅनमध्ये काय दिसले तर डॉक्टरांना कळवावे?

डांबरासारखे काळे, चिकट आणि घाण वासाचे शौच म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते तसे चिकट नसते. ताजे रक्त, मातीसारखे फिकट शौच, लाल किंवा चहासारखी गडद लघवी कळवावी; आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का, ते आधी आठवावे. २४ तासांत ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली तर त्याच दिवशी फोन करावा. सहा-आठ तास लघवीच नाही आणि ओटीपोट फुगून दुखत आहे, भरपूर रक्त जात आहे, किंवा पॅनवर जोर देताना रुग्ण घामेघूम होऊन बेशुद्ध पडला, तर १०८ ला बोलवावे.

२४. आजोबांचे शेवटचे दिवस आहेत असे डॉक्टरांनी सांगितले आहे. वळवले की ते कण्हतात. तरीही पॅन द्यायचा का?

ते स्वतः मागत असतील तर द्यावा. वेदनाशामक चालू असेल तर त्याची वेळ डॉक्टरांना विचारून पॅनच्या अर्धा तास आधी येईल अशी जुळवावी, चपटाच पॅन घ्यावा आणि दोघांनी मिळून सावकाश वळवावे. मागणे थांबले असेल तर पॅन बाजूला ठेवावा आणि खाली शोषून घेणारी पट्टी अंथरावी. खाणेपिणे कमी झाल्यावर शौच आणि लघवी कमी होतात, त्यासाठी एनिमा वगैरे देण्याचा आग्रह धरू नये. मात्र अस्वस्थपणा अचानक वाढला तर ओटीपोटावर हलका हात ठेवून मूत्राशय तुंबले आहे का ते पाहावे आणि परिचारिकेला कळवावे. पट्टी भिजली की त्याच वेळी कूसही बदलावी, म्हणजे एकदाच हलवावे लागते.